रुळांवरची तीन शहरे : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

युरोपात सहल कंपनीबरोबर न जाता स्वतःच्या हिमतीवर, रेल्वेने फिरून येण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेकांचा रोख मध्य युरोपाकडे, आणि त्यातही खाण्यापिण्याकडे असल्यामुळे उत्तरेही तिकडेच झुकली आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी नुकतेच निवृत्त झालो आहोत. एका सहल कंपनीने बारा दिवसांत सात देशांचा कार्यक्रम हाती दिला आहे. तो वाचूनच दमायला झाले. तेवढ्याच दिवसांत आम्ही दोघेच रेल्वेने निघालो, तर कोणती शहरे घ्यावीत? पॅरिस आणि स्वित्झर्लंड वगळले तर नातेवाईक काय म्हणतील, हीही एक धास्ती आहेच. (स. कु., पुणे)

उत्तर : नातेवाइकांची समजूत आपण घालावी, शहरांचे आम्ही सांगतो. बारा दिवसांना तीन शहरे पुष्कळ झाली, आणि ती एकाच रेल्वेमार्गावरची असावीत. पहिल्याच स्वतंत्र प्रवासासाठी प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट यांच्याइतके सोयीचे त्रिकूट आम्हाला दुसरे दिसत नाही. प्रागहून व्हिएन्नाला साधारण चार तास लागतात, व्हिएन्नाहून बुडापेस्टला पावणेतीन तासांच्या आतबाहेर. म्हणजे एका शहरात न्याहारी करून निघालेला माणूस दुसऱ्या शहरात दुपारच्या जेवणाला पोहोचतो आणि प्रवासात अख्खा दिवस जात नाही. विमानाचे तिकीट जाताना प्रागचे आणि परतताना बुडापेस्टचे काढावे, म्हणजे आलेल्या वाटेने मागे फिरावे लागत नाही.

या तीन शहरांची मोट बांधण्याचे आणखी एक कारण आहे. १९१८ पर्यंत ही तिन्ही एकाच साम्राज्यात नांदत होती. तीन भाषा आणि तीन चलने (चेक कोरुना, युरो आणि हंगेरियन फोरिंट) असूनही स्वयंपाकघरे एकमेकांना ओळखतात. हंगेरीचे गुलाश व्हिएन्नात दाटसर रश्शाच्या रूपात भेटते, प्रागभोवतीच्या बोहेमिया प्रांतातले उकडलेले गोळे व्हिएन्नाच्या ताटात येतात, आणि सफरचंदाचे श्ट्रूडेल (पातळ पारीत सफरचंद गुंडाळून भाजलेला गोड पदार्थ) तर तिन्हीकडे आपलेच म्हणून वाढतात. एका शहरात चाखलेला पदार्थ दुसऱ्या शहरात थोडा बदलून समोर आला की प्रवासाला जी गोडी येते, ती सात देशांच्या धावपळीत हाती लागत नाही.

मुक्काम प्रागला तीन रात्री, व्हिएन्नाला पाच आणि बुडापेस्टला तीन असे वाटावेत. या वाटणीत व्हिसाचीही सोय आहे. शेंगेन व्हिसाचा (युरोपातील बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या सामाईक व्हिसाचा) अर्ज ज्या देशात सर्वाधिक दिवस राहायचे त्या देशाकडे करावा लागतो, आणि मुक्काम सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम उतरणार त्याच्याकडे. व्हिएन्नाला पाच रात्री ठेवल्या की अर्ज ऑस्ट्रियाकडे करायचा, हे निर्विवाद ठरते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो, पण आपण तेवढी वेळ येऊ देऊ नये. प्रौढांसाठी शुल्क सध्या ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा बंधनकारक आहे.

आता काय पाहावे, ते. प्रागमधील चार्ल्स पूल सकाळी सातच्या आत पाहावा. १३५७ साली बांधायला घेतलेला हा अर्ध्या किलोमीटरचा दगडी पूल आणि त्यावरचे तीस पुतळे दहानंतर माणसांच्या खांद्यांमागे दडतात. जुन्या नगर चौकातले १४१० सालचे खगोलीय घड्याळ दर तासाला गर्दी जमवते. वरच्या खिडक्यांतून येशूच्या प्रेषितांच्या पुतळ्यांची मिरवणूक जाते, सांगाडा घंटा वाजवतो आणि खेळ मिनिटभरात आटोपतो. सगळ्यांच्या माना वर असताना खिसेकापूंचे लक्ष मात्र खाली असते, एवढे ध्यानात ठेवावे. किल्ल्यावर चढण टाळून जायचे असेल तर २२ क्रमांकाची ट्राम वरच्या बाजूला नेऊन सोडते; तेथून सगळे उतारावर पाहत यावे.

व्हिएन्नात राजवाडे सगळेच पाहतात. आम्ही कलेतिहास संग्रहालयातील ब्रॉयगेलच्या दालनासाठी एक सकाळ राखून ठेवायला सांगू. या सोळाव्या शतकातील चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह तेथे आहे, आणि त्याच्या खेडुतांच्या लग्नाच्या पंगतीचे चित्र खाण्याची आवड असणाऱ्याने तरी चुकवू नये : दार काढून त्याचीच फळी केली आहे, तिच्यावर वाडगे मांडून दोन वाढपी ते पंगतीत आणत आहेत, आणि पुढे जमिनीवर बसलेले पोर वाडगे बोटाने चाटूनपुसून साफ करीत आहे.

बुडापेस्टमध्ये पैसे देऊन नौकाविहार करण्याआधी २ क्रमांकाच्या ट्रामने डॅन्यूबच्या काठाकाठाने एक फेरी मारावी. संसदभवन, १८४९ चा साखळी पूल आणि पलीकडच्या बुडा टेकडीवरचा राजवाडा हे सारे साध्या तिकिटात दिसते. येथील पहिली भुयारी रेल्वे १८९६ ची, युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत जुनी. तिची ठेंगणी पिवळी गाडी थेट सेचेनी स्नानगृहाच्या दारात नेते. १९१३ साली उघडलेल्या या स्नानगृहाच्या उघड्या कुंडांत थंडीच्या दिवसांतही लोक गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून बुद्धिबळ खेळत असतात. गुडघे दुखणाऱ्या निवृत्तांनी तर येथे अर्धा दिवस सहज काढावा.

प्रश्न : यूरेल पास घ्यावा की सुटी तिकिटे? आमचा मुलगा जर्मनीत नोकरीला असून तोही आमच्याबरोबर येणार आहे. (वि. पा., ठाणे)

उत्तर : यूरेल पास, म्हणजे एकाच पासावर अनेक देशांतल्या गाड्यांनी फिरण्याची सोय, युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो. आपला मुलगा जर्मनीचा रहिवासी असल्यामुळे त्याला युरोपातील रहिवाशांसाठी असलेला इंटररेल पास घ्यावा लागेल. पासाचा खरा फायदा वरचेवर लांब पल्ले गाठणाऱ्याला किंवा ऐन वेळी बेत बदलणाऱ्याला होतो. शिवाय फ्रान्स, इटली आणि स्पेनमधील जलद गाड्यांना पास असला तरी आसनाच्या आरक्षणाचे पैसे वेगळे मोजावे लागतात, ही गोष्ट बऱ्याच जणांना तेथे पोहोचल्यावर कळते. वर सुचवलेल्या प्रवासात मोठे टप्पे दोनच आहेत; त्यासाठी सुटी तिकिटेच स्वस्त पडतात.

ही तिकिटे ऑस्ट्रियन किंवा चेक रेल्वेच्या संकेतस्थळावरून काही आठवडे आधी काढावीत. लवकर काढलेल्या सवलतीच्या तिकिटाला ऑस्ट्रियात 'श्पारशीने' म्हणतात. ते ठरलेल्या एकाच गाडीला चालते आणि सहसा परत होत नाही, म्हणून विमानातून उतरल्याच्या दिवशीचे असे तिकीट काढू नये. तिकीट आणि आसनाचे आरक्षण या तेथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षणाचे थोडे पैसे जास्त देऊन जागा पक्की करावी. नाहीतर शुक्रवारी दुपारी तिकीट खिशात असूनही उभे राहण्याची पाळी येऊ शकते. दुसरा वर्ग स्वच्छ आणि ऐसपैस असतो, पहिल्याची गरज नाही.

फलाटावर हमाल नसतात आणि गाडी फार वेळ थांबत नाही. बॅग स्वतःला उचलून डब्यात चढवता येईल एवढीच असावी, हा नियम आम्ही सर्वांना कळकळीने सांगतो आणि तो फार थोडे लोक पाळतात. डब्याचा क्रमांक पाहूनच चढावे, कारण एकाच गाडीचे काही डबे वाटेत वेगळे होऊन दुसरीकडे जाऊ शकतात. दार बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. पाटीवर प्राग 'प्राहा' असते आणि व्हिएन्ना 'वीन'. चेक माणूस त्याच व्हिएन्नाला 'वीदेन्य' म्हणतो आणि हंगेरियन 'बेच', तेव्हा उद्घोषणा ऐकून गोंधळू नये. बुडापेस्टला शिरताना गाडी आधी केलेनफोल्डला थांबते. मुक्काम शहराच्या मध्यात असेल तर शेवटच्या केलेती स्थानकापर्यंत बसून राहावे. सीमेवर गाडी थांबवून सर्वांची पारपत्रे तपासली जात नसली, तरी पोलीस डब्यात येऊन ती पाहू शकतात, त्यामुळे पारपत्र बॅगेच्या तळाशी ठेवू नये.

प्रागच्या मुख्य स्थानकाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. प्रवासी खालच्या नव्या दालनातूनच ये-जा करतात आणि हे असेच एखादे आधुनिक स्थानक, असे समजून निघून जातात. जिन्याने वर गेल्यास योसेफ फांटा या वास्तुरचनाकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेले घुमटाचे मूळ दालन दिसते. गाडीला वेळ असेल तर दहा मिनिटे तेथे घालवावीत.

प्रश्न : आमच्या घरी पूर्ण शाकाहार आहे, अंडेही चालत नाही. चीज आणि पाव यांवर बारा दिवस काढावे लागतील का? (सौ. शा., सांगली)

उत्तर : नाही, परंतु चौकशी करण्याचा संकोच मात्र घरी ठेवून जावे लागेल. मध्य युरोपात 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ मांसाचे तुकडे नसलेला असा सैलपणे घेतला जातो. बटाट्याचे किंवा मसुराचे सूप हाडांच्या अर्कात शिजवलेले असू शकते, तळण डुकराच्या चरबीत असू शकते, आणि अंड्याला तर तेथे कोणी मांसाहारात धरतच नाही. म्हणून 'आम्ही शाकाहारी आहोत' एवढ्यावर न थांबता काय नको ते नाव घेऊन सांगावे. जर्मनमध्ये 'ओने फ्लाइश, ओने फिश, ओने आय' म्हणजे मांस, मासे आणि अंडे यांच्याशिवाय. चेकमध्ये मांसाशिवायला 'बेझ मासा' आणि हंगेरियनमध्ये 'हूश नेल्क्यूल' म्हणतात. हे शब्द त्यांच्या लिपीत एका कागदावर छापून नेले, तर उच्चारांची काळजी राहत नाही.

दुसरा आधार कायद्याचा आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार प्रत्येक उपाहारगृहाला १४ अपायकारक ठरू शकणाऱ्या घटकांची माहिती गिऱ्हाइकाला द्यावी लागते. ऑस्ट्रियातील मेनूकार्डावर पदार्थाच्या नावापुढे बारीक अक्षरे दिसतात, त्यांत रोमन सी म्हणजे अंडे, डी म्हणजे मासे आणि जी म्हणजे दूध. चेक मेनूकार्डावर त्याच कामासाठी आकडे असतात : ३ म्हणजे अंडे, ४ म्हणजे मासे, ७ म्हणजे दूध. अंडे टाळणाऱ्याला यासारखी सोय नाही. मात्र मांस आणि चरबी या यादीत येत नाहीत, त्यामुळे तेवढे तोंडाने विचारावेच लागते.

आता पदार्थ पाहू. प्रागमधील 'स्मझेनी सीर' म्हणजे चीजचा जाड तुकडा घोळवून तळलेला आणि सोबत बटाटे. शाकाहाऱ्यांना सगळे तोच सुचवतात, पण त्याच्या आवरणात अंडे असते. 'क्नेडलिकी' या उकडलेल्या गोळ्यांतही बहुधा अंडे असते. व्हिएन्नातील 'केझेश्पेत्स्ले' हे चीजमध्ये घोळलेले शेवयांसारखे तुकडे आणि 'कायझरश्मार्न' हा फाडून वाढलेला गोड घावन, या दोन्हींचा जीवच अंड्यात आहे. झाखरटोर्ट या प्रसिद्ध चॉकलेट केकचेही तसेच. अंडे खाणाऱ्या शाकाहाऱ्याची व्हिएन्नात चंगळ असते आणि न खाणाऱ्याची परीक्षा, असे म्हटले तरी चालेल. आपल्यासाठी तेथे सफरचंदाचे श्ट्रूडेल राहते. त्याची पारंपरिक पारी मैदा, पाणी आणि तेल यांचीच असते व खालचा कागद वाचता येईल इतकी पातळ ताणतात. तरी वरून अंडे फासले आहे का, हे विचारून घ्यावे. एप्रिल ते जूनच्या अखेरीपर्यंत गेल्यास पांढऱ्या शतावरीचा हंगाम मिळतो. त्या दिवसांत प्रत्येक खानावळ तिचा वेगळा मेनू लावते. उकडलेली शतावरी, वितळलेले लोणी आणि नवे बटाटे एवढेच मागावे. पिवळा हॉलंडेज सॉस अंड्याचा असतो, तो नको म्हणून सांगावे.

बुडापेस्टची ख्याती मांसाहाराची असली, तरी आपल्याला आपलेसे वाटेल असे जेवण कदाचित तेथेच मिळेल. 'फोझेलेक' हा तेथील रोजच्या घरगुती जेवणातला प्रकार म्हणजे आपली पीठ लावून केलेली पातळ भाजीच. पालक, वाटाणा, दुधी किंवा मसूर शिजवून त्याला पिठाने दाटपणा आणतात आणि आंबट साय घालतात. वर तळलेले अंडे किंवा मांसाचा गोळा ठेवण्याची पद्धत आहे, तो नको म्हणावे. साध्या स्वयंसेवा खानावळींत हा पदार्थ हमखास असतो, पर्यटकांच्या रस्त्यावरील महागड्या हॉटेलांत तो फारसा दिसत नाही. 'लांगोश' ही आंबवलेल्या पिठाची मोठी, हातभर रुंद तळलेली रोटी. कढईतून निघाल्याबरोबर तिच्यावर लसणाचे पाणी फासतात, आंबट साय पसरतात आणि किसलेल्या चीजचा थर देतात; कडा कुरकुरीत, मधला भाग लुसलुशीत आणि बोटे कोपरापर्यंत तेलकट. तळण तेलाचे आहे की चरबीचे, हे आधी विचारावे. १८९७ च्या मध्यवर्ती बाजारात वरच्या मजल्यावर लांगोशच्या टपऱ्या आहेत, पण तेथे गर्दी आणि दर दोन्ही चढे असतात. खालच्या मजल्यावरून पाप्रिका (लाल मिरचीची पूड) घ्यावी आणि लांगोश एखाद्या साध्या बाजारात खावा. उन्हाळ्यात मिळणारे आंबट चेरीचे थंडगार सूप जेवणाच्या सुरुवातीला येते याचे नवल वाटेल, पण उन्हातून आल्यावर त्याला तोड नाही.

चीजबद्दलही एक सांगणे आहे, कारण काही घरांत तो प्रश्न अंड्याइतकाच गंभीर असतो. अनेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातील विरजणाने बनवतात. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानोच्या बाबतीत तर ते नियमानेच तसे असते. पुढेमागे इटलीला गेलात, तर टोमॅटोचा साधा पास्ता चीज न घालता मागावा आणि तो सुका, कडक गव्हाचा आहे याची खात्री करावी. ताजा पास्ता, विशेषतः बोलोन्याकडचा, अंड्यात मळलेला असतो. 'पिझ्झा मारिनारा' वर मुळातच चीज नसते.

प्रश्न : आम्ही कोकणातले, मासे आणि कोंबडी खातो, गोमांस आणि डुक्कर नको. (प्र. सा., रत्नागिरी)

उत्तर : मग वीनर श्निट्झेल (पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला मांसाचा पातळ तुकडा) टाळावे. ऑस्ट्रियात हे नाव निव्वळ लावले असेल, तर ते वासराच्या मांसाचेच असावे लागते. डुकराचे असल्यास मेनूकार्डावर तसे लिहितात. त्याऐवजी 'बाकहेंडल' म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली कोंबडी घ्यावी, सोबत बटाट्याचे आंबट सॅलड. गुलाश मूळचे बैलाच्या मांसाचे आहे, म्हणून बुडापेस्टमध्ये 'चिर्केपाप्रिकाश' ही पाप्रिका आणि सायीतली कोंबडी मागावी. मासे गोड्या पाण्यातले असतात : ट्राउट, कार्प आणि बालातोन सरोवराकडचा 'फोगाश'. 'हलासले' ही लालभडक मासळीची कढी जिभेला ओळखीची वाटेल, पण कार्पचे काटे मोजता येणार नाहीत आणि सुरमईची सवय असणाऱ्याला त्या माशाला चिखलाचा किंचित वास येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न : व्हिएन्नाच्या कॉफीगृहात किती वेळ बसावे? बक्षिसी किती द्यावी? आणि एकूण खर्च आटोक्यात कसा ठेवावा? (अ. दे., नागपूर)

उत्तर : एका कॉफीवर हवा तेवढा वेळ बसावे, कोणी उठवत नाही. व्हिएन्नाची कॉफीगृह संस्कृती २०११ साली ऑस्ट्रियाच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत नोंदली गेली, ती त्या बसण्यामुळेच. 'मेलांज' मागितल्यावर काळ्या पोशाखातला वाढपी एक छोटे चकचकीत तबक आणून ठेवतो. त्यावर फेसाळ दुधाची कॉफी, पाण्याचा पेला आणि पेल्याच्या तोंडावर आडवा पालथा ठेवलेला चमचा. ते पाणी नळाचेच असते. १८७३ पासून आल्प्सच्या झऱ्यांचे पाणी नळवाहिनीने शहरात येते आणि ते बिनदिक्कत प्यावे. बाटल्या विकत घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. वाढप्याचा रुक्षपणा मनावर घेऊ नये, तो तेथील रिवाजाचाच भाग आहे. नामांकित कॉफीगृहांच्या बाहेर पर्यटकांच्या रांगा लागतात. रांगेत उभे राहून मिळवलेल्या खुर्चीत निवांतपणा कुठून येणार? दोन गल्ल्या पलीकडे तशीच संगमरवरी मेजे आणि काठीला लावलेली वर्तमानपत्रे असलेले, रिकामे कॉफीगृह सापडते.

खर्चाचे म्हणाल तर मुख्य जेवण दुपारी करावे. सोमवार ते शुक्रवार व्हिएन्नात 'मिटाग्समेन्यू' आणि प्रागमध्ये 'पोलेदनी मेन्यू' या पाटीखाली सूप आणि एक मुख्य पदार्थ ठरावीक दरात मिळतो. कचेरीतले लोक तेथे जेवतात, आणि तेच पदार्थ रात्री बरेच महाग होतात. संध्याकाळी दुकानातून पाव, फळे आणि दही घ्यावे. रविवारी ऑस्ट्रियातील किराणा दुकाने बंद असतात, उघडी सापडतात ती मोठ्या स्थानकांतली, म्हणून शनिवारीच बेगमी करावी. बक्षिसी मेजावर ठेवून निघून जाण्याची पद्धत नाही. बिल देतानाच पाच ते दहा टक्के वाढवून वरचा आकडा सांगावा. बुडापेस्टमध्ये मात्र सेवाशुल्क बऱ्याचदा बिलातच लावलेले असते, ते पाहूनच द्यावे. प्रागच्या मध्यवस्तीत न मागता मेजावर आलेल्या पावाचे किंवा खारट बिस्किटांचे पैसे लागू शकतात. कार्ड वापरताना यंत्राने 'रुपयांत की स्थानिक चलनात' असे विचारले, तर स्थानिक चलनच निवडावे. रुपयांचा दर यंत्रवाल्याच्या फायद्याचा असतो. आणि प्रागमध्ये जागोजागी कोळशावर फिरणारे 'त्रदेल्निक' हे गोड नळकांडे 'जुना चेक पदार्थ' म्हणून खपवतात, त्यावर फार विश्वास ठेवू नये. पर्यटकांच्या मागे ते प्रागभर पसरले आहे. खरा चेक गोड पदार्थ हवा असेल तर फळ भरलेले गोळे खावेत, जे तेथे चक्क जेवण म्हणून खातात.

व्हिएन्नातील एक संध्याकाळ 'हॉयरिगर'साठी, म्हणजे द्राक्षमळेवाल्यांच्या अंगणातल्या मद्यगृहासाठी ठेवावी. द्राक्षमळेवाल्यांनी आपलीच वाइन आपल्याच अंगणात विकावी, अशी मुभा सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ साली दिली. घरापुढे पाइनची डहाळी टांगलेली असली की ते घर उघडे आहे असे समजावे. मद्य न घेणाऱ्यांनाही द्राक्षाचा रस, बटाट्याची सॅलड आणि पावावर लावायचे मसालेदार चीज मिळते. ३८ क्रमांकाची ट्राम ग्रिन्झिंगला नेते, पण तेथे बसगाड्यांनी आलेली मंडळी फार. डी ट्रामने नुसडॉर्फला जावे.

प्रश्न : मी मध्य रेल्वेत घाट विभागात नोकरी केली. केवळ गाडीतून पाहण्यासाठी एखादा मार्ग सुचवाल का? (रा. ग., इगतपुरी)

उत्तर : आपल्यासाठी सेमरिंग. व्हिएन्नाहून ग्राझकडे जाणाऱ्या मार्गावरचा ग्लोग्निट्झ ते म्युर्झत्सुश्लाग हा ४१ किलोमीटरचा घाट १८४८ ते १८५४ या सहा वर्षांत बांधला गेला. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १८५३ साली, आणि आपला थळ घाट पूर्ण झाला १८६५ साली. म्हणजे हा त्याचा थोरला भाऊ. कार्ल फॉन गेगा हा त्याचा अभियंता. ज्या वेळी त्याने आखणी केली, त्या वेळी एवढा चढ ओढू शकणारे इंजिनच अस्तित्वात नव्हते. मार्गाचे काम चालू असतानाच १८५१ साली इंजिनांची स्पर्धा भरवून ते घडवून घेतले गेले. १४ बोगदे आणि १६ मोठे पूल आहेत, त्यांतले काही दुमजली कमानींचे. बोरघाटात गाडीची दिशा उलटवणारे स्थानक करावे लागले, तसे गेगाने येथे केले नाही. डोंगराच्या कुशीत वळणे घेत घेत त्याने उंची गाठली. १९९८ साली हा मार्ग जागतिक वारसा ठरला.

व्हिएन्नाहून सकाळी निघून सेमरिंग स्थानकावर उतरावे. तेथून रुळांच्या कडेकडेने पायवाट खाली जाते आणि वाटेत असा एक कठडा येतो, जेथून 'काल्टे रिने' हा दुमजली पूल पूर्ण दिसतो. ऑस्ट्रियाच्या जुन्या वीस शिलिंगच्या नोटेवर तेच दृश्य छापलेले होते. मालगाडी पुलावर आली की तिचा वेग, वळणावरचे चाकांचे कण्हणे आणि मागून ढकलणारे इंजिन पाहून कसाऱ्याच्या बँकर इंजिनाची आठवण आपल्याला आल्यावाचून राहणार नाही. पायाखालून २७ किलोमीटरचा नवा बोगदा बांधला जात आहे. तो २०३० च्या सुमारास सुरू झाल्यावर जलद गाड्या त्यातून जातील, तेव्हा लांब पल्ल्याच्या गाडीत बसून हा घाट पाहायचा असेल तर फार लांबणीवर टाकू नये. आणखी एक : बुडापेस्टच्या केलेती स्थानकाच्या दर्शनी भागावर जेम्स वॉट आणि जॉर्ज स्टीफन्सन यांचे पुतळे आहेत. टॅक्सी शोधण्याआधी मागे वळून वर पाहावे.

प्रश्न : गाडीत जेवण मिळते का? आणि घरून काय न्यावे? सासूबाई तूप, पेढे आणि आंबे दिल्याशिवाय सोडणार नाहीत. (मी. आ., दादर)

उत्तर : सासूबाईंना नियम दाखवावा. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, बर्फी, पनीर सगळेच बाद. फळांतही अननस, नारळ, केळी, खजूर आणि दुरियान एवढ्यांनाच प्रमाणपत्रावाचून मुभा आहे. हापूस त्यात नाही. भडंग, चिवडा, शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी, मेतकूट आणि तुपातल्या लाडूंऐवजी तेलातल्या, दूध न घातलेल्या दशम्या असा कोरडा शिधा न्यावा. मुक्काम छोट्या स्वयंपाकघरासह भाड्याने घेतला, तर तांदूळ आणि डाळ तेथेच मिळतात.

गाडीत घरचे डबे उघडायला कोणाची हरकत नसते, पण बंद वातानुकूलित डब्यात लसणाच्या चटणीचा वास दूरवर जातो, तेव्हा ती जपून काढावी. चेक रेल्वेच्या भोजनयानात मात्र एकदा तरी बसावे. तेथे अन्न स्वयंपाकघरात प्रत्यक्ष गरम करून, चिनी मातीच्या ताटलीत येते आणि बिअर पिंपातून ओतून देतात. बसण्यासाठी वेगळे आरक्षण नसते. प्राग सोडल्याबरोबर जाऊन खिडकीकडची जागा धरावी, कारण अर्ध्या तासात तेथे जागा राहत नाही. पैसे कोरुनांत किंवा कार्डाने देता येतात.